फुकट वापरणारे पैसे कधी देतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात बसून सॉफ्टवेअर करणारी मुलंमुली आता आपल्याकडे कमी नाहीत. विदर्भातल्या पुसद, हिंगणघाट, वरुड, ब्रह्मपुरी अशा ठिकाणांहून मला फोन येतात आणि पहिल्या दोन मिनिटांत गाडी तिथेच येते: "ताई, वापरतात सगळे, पैसे कोणी देत नाही. काय करू?" आमचं सॉफ्टवेअर कृषी केंद्रांसाठी, म्हणजे बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या दुकानांसाठी आहे. उधारीचं खातं, साठा आणि वसुली, एवढंच त्याचं काम. त्याआधी अकरा वर्षं मी कॉम्प्युटर क्लास चालवला. खालची उत्तरं या दोन्हींतून आली आहेत. तुमचं सॉफ्टवेअर किराणा दुकानासाठी असो की अभ्यासिकेसाठी, बराचसा भाग लागू पडेल. हंगामाचा भाग मात्र आपापल्या गिऱ्हाइकाप्रमाणे बदलून घ्या.

मुळात फुकट द्यायचंच कशाला? पहिल्या दिवसापासून पैसे का घेऊ नयेत?

घेता येत असतील तर खुशाल घ्या. जिल्ह्यातल्या दहा-पंधरा जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर केलं असेल, तर गाडी काढा, दाखवा, विका. फुकटाची भानगड हवी कशाला?

गिऱ्हाइकं लहान, पुष्कळ आणि लांबलांब पसरलेली असली की हिशेब बदलतो. चाळीस किलोमीटर गाडी मारून ज्या गावात जायचं तिथे कृषी केंद्रं दोन, त्यातलं एक बंद आणि दुसऱ्याचा मालक तेरवीला गेलेला. अशा ठिकाणी फुकट आवृत्ती हाच तुमचा विक्रेता. तो पेट्रोल मागत नाही.

दुसरं कारण विश्वासाचं. कोणाकडे किती बाकी आहे ही दुकानदाराची घरातली गोष्ट असते. तो आधी पाच नावं टाकून बघतो, तीही भावकीतली. महिनाभर काही वावगं झालं नाही, तर मग गाव टाकतो. पहिल्याच दिवशी पैसे मागितले तर तो ती पाच नावंसुद्धा टाकणार नाही.

रोजचं साधं काम फुकट आणि जास्तीच्या सोयींचे पैसे, या पद्धतीला फ्रीमियम म्हणतात. शब्द २००६ मधला आहे, पण संत्रेवाला चव पाहायला फोड देतो ते त्याहून कितीतरी जुनं. फरक एकच. संत्र्याची फोड खाल्ली की संपते, सॉफ्टवेअरची फोड संपत नाही. सगळी गोम तिथे आहे.

आपल्या भागातला माणूस पैसे देतच नाही म्हणतात. खरं का?

नाही. जिओ आठवा. ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं, ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट होतं. मग ९९ रुपयांची प्राइम मेंबरशिप आली. त्या ३१ मार्चपर्यंत ७.२ कोटी लोकांनी ती घेतल्याचं कंपनीने जाहीर केलं, आणि त्यांत आपल्या गावांतलेही होते. पुण्यात शिकणाऱ्या पोराचं तोंड सहा महिने रोज फोनवर पाहिलेल्या माणसाने ९९ रुपये देताना दोनदा विचार केला नाही.

हाच माणूस टीव्हीचं रिचार्ज करतो, मोटर रिवाइंडिंगचे पैसे रोख देतो. तो हात आखडतो ते ज्याच्यावाचून काल त्याचं काही अडलं नव्हतं अशा वस्तूसाठी. तेव्हा आधी स्वतःला विचारा: तुमचं सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तर त्याचं काय अडेल? उत्तर सुचत नसेल तर हे पान वाचून उपयोग नाही, आधी सॉफ्टवेअरवर काम करा.

साधारण किती टक्के लोक पैसे देतात?

धंद्यात दोन ते पाच टक्के हा आकडा सांगितला जातो. तो ऐकून पुष्कळांचं मन खचतं, कारण ते भागाकार चुकीचा करतात.

समजा, हजार जणांनी नोंदणी केली. त्यातल्या सहाशेंनी एकही नोंद केली नाही. अडीचशेंनी महिनाभर करून सोडून दिलं. उरले दीडशे, ते रोज वापरतात. पैसे तिसांनी दिले. हजारावर धरलं तर तीन टक्के, दीडशेवर धरलं तर वीस. हे तीस जण त्या दीडशेतूनच आले, म्हणजे पैसे मागण्याची तुमची पद्धत बरी आहे. खोट आहे ती त्या सहाशेंपाशी. त्यांनी ॲप उघडलं, काहीतरी विचित्र विचारलं गेलं, फोन खिशात गेला. आमच्याकडे पहिल्याच पानावर जीएसटी क्रमांक मागितला जायचा. तो काढून तिथे फक्त "पहिलं नाव टाका" ठेवलं, तेव्हा कुठे लोक पुढे सरकले. पैशाची चर्चा त्यानंतरची.

फुकट किती आणि पैशाचं किती, ही रेघ कुठे मारायची?

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यांत मोठी आम्हीच केली होती, म्हणून जरा सविस्तर.

क्लासमध्ये मी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवायचे. लायसन्स न घेता टॅली एज्युकेशनल मोडमध्ये चालतं, आणि त्यात नोंदींसाठी महिन्याच्या १, २ आणि ३१ एवढ्याच तारखा चालतात. पोरं वैतागायची. पण त्याच तीन तारखांवर ती व्हाउचरपासून ताळेबंदापर्यंत सगळं शिकून जायची. दुकान मात्र त्यावर चालवता येत नाही, कारण दुकान ३ तारखेलाही उघडतं. शिकणाऱ्याला पूर्ण फुकट, धंदा करणाऱ्याला पैसे. इतकी स्वच्छ रेघ मी दुसरीकडे फार कमी पाहिली. झूमच्या फुकट व्हिडिओ कॉलची चाळीस मिनिटंही त्याच जातीची. घरच्यांच्या गप्पा चाळीस मिनिटांत आटोपतात, मास्तरांचा तास आटोपत नाही.

आमची चूक ऐका. आम्ही पन्नास खाती फुकट ठेवली, एक्कावन्नाव्याला पैसे. वाटलं, किती सोपं. झालं असं की दुकानदाराने पन्नास मोठे बाकीदार फोनमध्ये टाकले आणि उरलेलं गाव वहीत ठेवलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे, बेरीज कुठेच जुळेना. दोन महिन्यांत त्याने फोनमधलं बंद केलं, कारण वही निदान पूर्ण तरी होती. आम्ही रेघ नेमकी सवयीवरच मारली होती, आणि सवय लागण्याआधीच ती तुटली.

आता खाती कितीही, नोंदी कितीही, सगळं फुकट. पैसे कशाचे? गावनिहाय वसुली यादीचे. दुसऱ्या मोबाईलवरून नोंद करण्याचे, म्हणजे मुलगा काउंटरवर आणि बाप गोदामात. औषधांच्या बॅच आणि मुदतीच्या यादीचे. दुकानाचं नाव छापलेल्या खातेउताऱ्याचे. कोणतीही सोय रेघेच्या कुठल्या बाजूला टाकायची हे ठरवताना मी एवढंच बघते: हिच्यामुळे दुकानदाराच्या गल्ल्यात रुपया येतो का, किंवा जाणारा थांबतो का? तसं असेल तर पैसे. नुसती सवय लागत असेल तर फुकट.

बॅकअप मात्र कधीही पैशाचा करू नका. आम्ही एका हंगामात केला होता. एका दुकानदाराचा फोन फवारणीच्या ड्रममध्ये पडला आणि बॅकअप नव्हता, कारण त्याने पैसे भरले नव्हते. नियमाने आमचं बरोबर होतं. पंचक्रोशीत मात्र "मॅडमच्या सॉफ्टवेअरनं वही बुडवली" असंच झालं, आणि त्या बाजूच्या चार गावांत पुढे दोन वर्षं आम्हाला कोणी चहा विचारला नाही.

चौदा दिवसांची चाचणी ठेवू की कायमचं फुकट?

चौदा दिवस हा आकडा बाहेरून उचललेला आहे. एप्रिलात कृषी केंद्रवाल्याने सॉफ्टवेअर घेतलं तर त्या चौदा दिवसांत तो माशा मारत असतो. जूनमध्ये घेतलं तर त्याला मान वर करायला फुरसत नसते. उधारीच्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा वसुलीला होते, म्हणजे पाच-सहा महिन्यांनी. तेव्हा चाचणी दिवसांत न मोजता कामात मोजा.

आम्ही एका गावाची वसुली यादी कायमची फुकट ठेवली आहे. गाव कुठलं ते दुकानदाराने निवडायचं. तो सगळ्यांत अवघड गाव निवडतो, हे आम्हाला आधी सुचलंही नव्हतं. यादी घेऊन एका रविवारी जाऊन येतो, चार जुनी खाती मोकळी होतात, आणि संध्याकाळी त्याचाच फोन येतो की बाकीची गावं काहून दिसत नाहीत. फोड संपली म्हणायची ती इथे.

फायली दाबून लहान करणारं विनरार नावाचं सॉफ्टवेअर चाळीस दिवसांनंतर पैसे मागतं, पण दिले नाहीत तरी चालूच राहतं, आणि हे जगाला ठाऊक आहे. मोठ्या कंपन्या कायद्याच्या धाकाने त्याचं लायसन्स घेतात. आपल्या गिऱ्हाइकाला तसला धाक नसतो, त्याची नक्कल करायला जाऊ नका.

पैसे कोणत्या महिन्यात मागायचे?

मला विचाराल तर सगळा खेळ या एका प्रश्नात आहे, आणि पुण्या-बंगळुरूच्या सल्ल्यात तो कधी नसतो.

जूनमध्ये कृषी केंद्राचा गल्ला भरलेला दिसतो. त्याला भुलू नका. तो पैसा कंपनीचा आणि डिस्ट्रिब्युटरचा असतो, दुकानातून नुसता जातो. जुलैपासून पोळ्यापर्यंत बियाणं गेलं, खत गेलं, फवारणी सुरू झाली, आणि सगळं उधारीवर. या दिवसांत पैशाचं नाव काढलं तर दुकानदार चिडेल असं नाही, तो फोनच उचलणार नाही.

दसऱ्याच्या आसपास सोयाबीन निघतं. सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी लागते. माल जिनिंगला किंवा खरेदी केंद्रावर जातो, चुकारे होतात, म्हणजे मालाचे पैसे हातात पडतात, आणि दिवाळीनंतर शेतकरी दुकानाची पायरी चढतो, या वेळी द्यायला. पुढे तूर येते. दिवाळी ते फेब्रुवारी हा पट्टा तुमचा. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्र्याच्या पट्ट्यात गणित वेगळं. आंबिया बहाराचा माल साधारण दिवाळीच्या आगेमागे उतरतो, मृग बहाराचा फेब्रुवारीनंतर. बागायतदार ज्या बहारावर अवलंबून, त्याप्रमाणे दुकानाची वसुली. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात दिवाळीला धान घरी येतं, पण विकून खात्यात पैसे पडेपर्यंत दिवस जातात. तिथे धानाचे चुकारे झाले की नाहीत हे आधी विचारा, मग आपलं बोला. गुढीपाडव्याला सालगड्यांचे करार ठरतात, शेतकऱ्याचा हात पुन्हा आवळतो. आणि मार्चअखेरीस दुकानदार बँक आणि सीए यांच्या मध्ये सापडलेला असतो, त्याला तेव्हा सोडून द्या.

म्हणून आम्ही सगळ्यांचं नूतनीकरण डिसेंबरात आणलं. कोणी जूनमध्ये सुरू केलं तरी त्याची पहिली पावती डिसेंबरात फाटते. मधले सहा महिने आमचे गेले असं कोणाला वाटेल. ते तसेही मिळणार नव्हते.

दिवसातली वेळही बघा. बाजाराच्या दिवशी फोन नको. उत्तम वेळ रात्रीची, तो दिवसाची बेरीज मारतो तेव्हाची. आमच्याकडे वसुली नोंदवून झाली की पडद्यावर त्या आठवड्यात आलेल्या रकमेची बेरीज येते आणि तिच्याखाली एका ओळीत आमची किंमत. त्या क्षणी दोन्ही आकडे शेजारी असतात, वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अतिवृष्टीने सोयाबीन झडलं, कापूस काळा पडला, अशा वर्षी नूतनीकरण पुढे ढकला आणि तसा निरोप स्वतःहून पाठवा. त्याने विचारण्याची वाट पाहू नका.

महिन्याला घेऊ की वर्षाला? आणि किती?

वर्षाला. महिन्याला ९९ ऐकायला हलकं वाटतं, पण त्यात दुकानदाराला बारा वेळा "देऊ की नको" ठरवावं लागतं, आणि त्यातले चार-पाच महिने त्याचे कडकीचे असतात. अभ्यासिका किंवा मेससाठी सॉफ्टवेअर असेल, जिथे गिऱ्हाइकाला स्वतःला दरमहा फी येते, तिथे महिन्याचं चालेल.

किंमत ठरवताना त्याच्या दुकानातलीच वस्तू धरा. डीएपी खताची ५० किलोची बॅग १,३५० रुपयांची. आम्ही वर्षाची किंमत कर धरून एका बॅगेच्या आत ठेवली, आणि सांगतोही तसंच. तो दिवसभर बॅगांतच विचार करतो, त्याला लगेच कळतं. "दिवसाला फक्त साडेतीन रुपये" असली भाषा त्याच्यापुढे करू नका. फवारणीच्या औषधाचा खर्च एकरी, मग पंपाला, मग झाडाला किती पडतो हे तो रोज शेतकऱ्याला सांगतो. ती युक्ती त्याला तुमच्यापेक्षा चांगली येते.

सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी आहे. सेवा पुरवणाऱ्याची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, पण मग पावतीवर कर दाखवता येत नाही, आणि जीएसटी क्रमांक असलेला दुकानदार पक्की पावती मागतो. किंमत मात्र नेहमी कर धरूनच सांगा. सांगितल्यावर वाढलेला आकडा कोणालाच आवडत नाही.

योजना दोनच ठेवा. पाच योजनांचा तक्ता बघून माणूस "पाह्यतो अन् सांगतो" म्हणतो, आणि सांगत नाही.

ऑटोपे लावलं तर कटकट मिटेल ना?

शहरी गिऱ्हाइकाची मिटते. यूपीआय ऑटोपे जुलै २०२० पासून आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी लागते, आणि २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. नियम चांगलाच आहे. पण आपल्या दुकानदाराच्या यूपीआयला जोडलेलं खातं बहुधा मुद्दाम रिकामं ठेवलेलं असतं, फसवणुकीच्या भीतीने. आदल्या दिवशी "पैसे कापले जातील" असा मेसेज आला की तो बँकेत फोन करतो, बँकेनंतर तुम्हाला, आणि तेव्हा त्याचा आवाज गोड नसतो.

आम्ही रक्कम भरलेला क्यूआर पाठवतो आणि गप्प बसतो.

"उधारीवर द्या" म्हणाला तर?

म्हणणारच. मला एकाने ऐकवलं होतं, "मॅडम, आमी गावाले सा-सा महिने उधार देतो, अन् तुमी आमाले एक महिना नाई देऊ शकत?" त्यावर उत्तर नव्हतं, कारण मुद्दा बिनतोड होता.

आम्ही देतो. एकदा, एका हंगामापुरतं. ती उधारी त्याच्याच ॲपमध्ये उलट्या बाजूने नोंदवतो, म्हणजे त्याच्या देण्याच्या यादीत कंपन्यांच्या खाली आमचंही नाव दिसतं. वेगळी आठवण करावी लागत नाही. हंगाम संपूनही आले नाहीत तर पैशाच्या सोयी बंद होतात, खातं चालू राहतं. भांडायचं नाही. पुढच्या वर्षी तोच येतो, किंवा त्याचा भाचा.

फोन कोणाला करायचा आणि काय बोलायचं?

सगळ्यांना करू नका, जीव जाईल. मागच्या तीस दिवसांत वीसहून जास्त दिवस ज्याने ॲप उघडलं त्याला करा. दुसऱ्या मोबाईलबद्दल विचारणाऱ्याला त्याच दिवशी करा. आणि रात्री नऊला बेरीज जुळत नाही म्हणून ओरडणारा माणूस पैशाच्या सगळ्यांत जवळ आला आहे असं समजा. ज्याला पर्वा नसते तो ओरडत नाही. उलट "लई मस्त बनवलं मॅडम" म्हणणाऱ्याने आठवडाभर ॲप उघडलेलं नसतं.

बोलताना योजनेपासून सुरुवात करू नका. "मागच्या साली कोणत्या गावची बाकी राहिली?" असं विचारा आणि ऐका. तो दहा मिनिटं बोलेल. त्या दहा मिनिटांत तुमची कोणती सोय त्याला विकायची ते तोच सांगून जातो. प्रत्यक्ष गेलात तर चहा संपायच्या आत किंमत सांगा. चहा संपल्यावर सांगितलेली किंमत उठताना टाकलेल्या मागणीसारखी वाटते.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. दोन वर्षं मी ज्या नंबरांवर फोन करत होते त्यांतल्या कित्येकांनी ॲप कधी उघडलेलंच नव्हतं. दुकान बंद झाल्यावर चिठ्ठ्या घरी जायच्या आणि नोंदी करायची बायको, सून किंवा बारावीतली पोरगी. वापरणारी एक, पैसे देणारा दुसरा. मालकाला मी सोयी सांगत होते आणि तो "घरी विचारतो" म्हणायचा, मला वाटायचं टाळतोय. तो खरंच घरी विचारत होता! आता आम्ही आधी नोंद करणाऱ्या बाईशी बोलतो. तिचा रोजचा अर्धा तास वाचतो हे ती नवऱ्याला आमच्यापेक्षा जास्त ठासून सांगते.

एसएमएस आणि व्हॉट्सॲप किती पाठवावेत?

कमी. व्यावसायिक एसएमएससाठी डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो, ते आधी उरका. व्हॉट्सॲपवर फक्त हो म्हटलेल्यांना पाठवा. सणाच्या शुभेच्छा नकोत, त्याचा स्वतःचा आकडा असलेला एकच मेसेज द्या: "तुमच्या चौदा खात्यांवर सहा महिन्यांपेक्षा जुनी बाकी आहे." तो उघडला जातो.

सवलत द्यावी का?

आम्ही पोळ्याची ऑफर काढली होती. पोळ्याला पैसे बैलांच्या साजाला असतात, सॉफ्टवेअरला नसतात. हसू झालं. शिवाय कृषी केंद्रवाला कंपन्यांच्या स्कीमवर वाढलेला माणूस आहे. एकदा सवलत दिसली की तो पुढच्या सवलतीपर्यंत आरामात थांबतो. काही द्यायचंच असेल तर किंमत तशीच ठेवून दोन महिने वाढवून द्या.

आजवर फुकट दिलेली सोय आता पैशाची करायची आहे. कशी करू?

गूगल फोटोजने केलं तशी. अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला बंद झाली, पण सांगितलं होतं आदल्या नोव्हेंबरात, आणि त्या तारखेआधी चढवलेले उच्च दर्जाचे फोटो नव्या मोजणीत धरले नाहीत. लोक कुरकुरले, पण फसवलं असं फारसं कोणी म्हटलं नाही.

आपल्याकडे सूचना एका पूर्ण हंगामाची द्या, आणि जुन्या वापरकर्त्यांनी आधी केलेलं काम त्यांच्यासाठी उघडंच ठेवा. कारण सरळ सांगा: सर्व्हरचा खर्च आहे, माणसं आहेत. "तुमच्या सोयीसाठी" असं लिहिलंत की गेलात.

पैसे भरले नाहीत तर त्याचं खातं बंद करून टाकायचं का? लगेच देतो म्हणे.

देतो, आणि नंतर गावभर सांगतो. करू नका. वही त्याची आहे. तुम्ही कपाट पुरवलंय, कपाटाला कुलूप लावून वही अडवणं हा सावकारी धंदा झाला. बघणं, छापणं आणि सगळं उतरवून घेणं कायम उघडं राहिलं पाहिजे.

याच्या शेजारचा प्रश्न कोणी उघड विचारत नाही, पण मनात असतो: फुकट वापरणाऱ्यांचा डेटा विकून पैसे काढावेत का? कोणत्या गावात कोण किती थकलंय ही यादी कर्ज देणाऱ्यांना हवी असते, आणि आमच्याकडे असा एक माणूस गोड बोलत आलाही होता. त्या यादीत नावं शेतकऱ्यांची आहेत, त्यांनी तुम्हाला काहीच परवानगी दिलेली नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी मी त्याला पाणी पाजूनच परत पाठवलं असतं.

प्ले स्टोअरमधून पैसे घ्यावेत की थेट?

प्ले स्टोअर सबस्क्रिप्शनवर साधारण १५ टक्के घेतं, आणि ॲपच्या आत डिजिटल सेवा विकताना त्यांचे बिलिंगचे नियम लागतात. ते नियम वेळोवेळी बदलतात, स्वतः वाचा. कार्ड वापरणारं शहरी गिऱ्हाईक असेल तर त्या १५ टक्क्यांत बरीच डोकेदुखी वाचते. आमचं बहुतेक काम काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर चालतं, आम्ही थेट घेतो.

गावोगाव एजंट नेमावेत का?

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला किंवा झेरॉक्सवाला चांगला एजंट होतो, कारण दुकानदार प्रिंटर अडला की त्यालाच बोलावतो. फक्त कमिशन पहिल्या विक्रीवर थोडं आणि नूतनीकरणावर जास्त ठेवा. उलट ठेवलं तर तो ज्याच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यालाही विकून येतो. आम्ही उलट ठेवलं होतं.

धारणी, चिखलदरा, एटापल्ली, भामरागड अशा भागात नेटवर्कच नसतं. तिथे पैसे कसे घ्यायचे आणि सोय कशी उघडायची?

सॉफ्टवेअर नेटशिवाय चाललंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पैसे एजंट रोखीने घेतो आणि छापील पावती देतो. पैशाच्या सोयी उघडायला आम्ही एक कोड देतो, तो फोनवर वाचून दाखवला तरी चालतो. आवाज तुटत असतो, दुकानदार काउंटरवरून ओरडून विचारत असतो. सुरुवातीला त्या कोडमध्ये इंग्रजी अक्षरं होती आणि बी, डी, पी, टी यांच्यात आमचा अख्खा डिसेंबर गेला. आता नुसते आकडे आहेत, चार-चारच्या तीन गटांत, आणि प्रत्येक गट एजंटने परत म्हणून दाखवायचा असतो.